येमेनच्या हूती बंडखोरांच्या मिसाईलची बातमी आली की आधी काय बघायचं (आखातात किंवा जहाजावर घरचं माणूस असेल त्यांच्यासाठी)

माझा धाकटा भाऊ टँकरवर थर्ड इंजिनियर आहे आणि भाऊजी रियाधला नोकरीला, त्यामुळे भांडुपच्या आमच्या घरात येमेनचा नकाशा गेली काही वर्षं फ्रीजवरच चिकटवलेला आहे. जानेवारी २०२४ ला एडनच्या आखातात मार्लिन लुआंडा नावाच्या टँकरला मिसाईल लागलं, त्यावर २२ भारतीय खलाशी होते, आणि एका चॅनेलने दिवसभर नुसतं "भारतीयांच्या जहाजावर मिसाईल" एवढंच चालवलं, जहाजाचं नाव कुठे खालच्या पट्टीत. आईने त्या दिवशी पेज पण घेतली नाही. भाऊ तेव्हा आफ्रिकेला वळसा घालून केपच्या बाजूने चालला होता, म्हणजे त्या जागेपासून हजारो किलोमीटर लांब. तेव्हापासून मी बातमी कशी वाचायची याची एक पद्धत बसवली, ती लिहिते, कारण आपल्या मुंबई-कोकणात अशी घरं खूप आहेत.

सगळ्यात आधी कशाने हल्ला झाला तो शब्द शोधा. ड्रोन, क्रूझ मिसाईल आणि बॅलिस्टिक मिसाईल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत पण फॉरवर्डमध्ये सगळ्याला मिसाईलच म्हणतात. ड्रोन हळू जातो, लांबच्या पल्ल्याला त्याला तासन्‌तास लागतात. क्रूझ मिसाईल विमानासारखं शेवटपर्यंत इंजिनवर उडतं. बॅलिस्टिक म्हणजे गल्ली क्रिकेटमध्ये उंच उडालेला कॅच असतो ना तसं, जोर सगळा सुरुवातीलाच, इंजिन मिनिट-दीड मिनिटात बंद, मग ते खूप वर जातं आणि पुढे स्वतःच्या वेगाने आणि वजनाने खाली येतं. येमेनहून रियाधपर्यंत यायला त्याला दहाएक मिनिटं लागतात, म्हणजे तुम्ही इथे बातमी वाचताय तेव्हा जे व्हायचं ते केव्हाच होऊन गेलेलं असतं. डिसेंबर २०२३ ला केम प्लुटो जहाज मार खाऊन मुंबईला आलं तेव्हा माझ्या फोनवर "मिसाईल गुजरातपर्यंत पोचलं" असे मेसेज फिरत होते, तो ड्रोनचा हल्ला होता.

मग अंतर बघा. १,००० किलोमीटरपर्यंत जाणारं ते शॉर्ट रेंज, त्याच्यापुढे ३,००० पर्यंत मीडियम. हूतींचं बुरकान-१ हे बॅलिस्टिक मिसाईल २०१६ चं, ते साधारण ८०० किलोमीटरचं, आणि २०१७ चं बुरकान-२एच थेट रियाधपर्यंत गेलं म्हणजे नऊशेच्या वर. इस्रायलवर सोडली ती याच्यापेक्षा लांब पल्ल्याची, वेगळी. येमेनची राजधानी सना ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ३,००० किलोमीटर आहे, तेव्हा "बुरकान मुंबईवर येऊ शकतं का" असं कुणी बिल्डिंगच्या ग्रुपवर विचारलं तर नाही म्हणून सांगा आणि झोपा.

बंडखोरांकडे हे आलं कुठून हा प्रश्न घरात हमखास निघतो. येमेनच्या सरकारी लष्कराकडे आधीपासून स्कड (जुन्या रशियन बनावटीची बॅलिस्टिक मिसाईलं) होती, १९९४ च्या यादवीत ती वापरली होती, आणि डिसेंबर २००२ ला उत्तर कोरियाहून येणारं सो सान नावाचं जहाज स्पॅनिश नौदलाने अडवलं त्यात १५ स्कड निघाली, ती शेवटी येमेनला जाऊ दिली. सप्टेंबर २०१४ ला हूतींनी सना घेतलं, लष्कराचा एक भाग त्यांच्या बाजूला गेला, त्याच्याबरोबर हा साठा पण गेला. हूतींचं काहेर-१ तर मुळात विमान पाडायचं जुनं रशियन मिसाईल, तेच जमिनीवर मारायला बदललेलं. बुरकान-२एचचं मात्र इराणच्या कियाम मिसाईलशी खूप साम्य आहे, आणि जानेवारी २०१८ च्या रिपोर्टमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी गोळा केलेले तुकडे इराणी बनावटीचे म्हटलं. इराण नाकारतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, "पाडलं" हा शब्द. इथे घाई करू नका.

४ नोव्हेंबर २०१७ ला रियाधच्या किंग खालिद विमानतळावर बुरकान सोडलं. सौदीने सांगितलं पाडलं. ताई भाऊजींना फोन लावत होती, लागत नव्हता, आणि "पाडलं" वाचून आम्ही सगळे सुटलो. नंतर बाहेरच्या अभ्यासकांनी फोटो-व्हिडिओ जुळवून दाखवलं की पुढचं स्फोटकाचं टोक बहुतेक तसंच पुढे गेलं आणि डोमेस्टिक टर्मिनलजवळ पडलं. हे कसं होतं तर या मिसाईलचं टोक उडताना मागच्या मोठ्या नळकांड्यापासून सुटतं, नळकांडं वेगळीकडे पडतं, लोक त्या पत्र्याचे फोटो काढतात आणि वाटतं मिसाईलचे तुकडे झाले. आणि खरंच पाडलं तरी त्याचे तुकडे कुठेतरी पडतातच, २५ मार्च २०१८ च्या रात्री रियाधमध्ये असेच तुकडे पडून एक इजिप्तचा कामगार गेला. म्हणून भाऊजींना आमचा एकच निरोप, सायरन वाजला की खिडकीतून व्हिडिओ काढायला जायचं नाही, आतल्या भिंतीकडे जायचं, बाथरूम चालेल, आणि आवाज थांबल्यावर पण रस्त्यावर पडलेल्या पत्र्याला हात लावायचा नाही.

कोण सांगतंय ते पण बघा. हूतींचा प्रवक्ता याह्या सरी निशाणा अचूक लागला म्हणणार, समोरचा सगळं पाडलं म्हणणार, दोघांची पहिली बातमी बाजूला ठेवा आणि दुसऱ्या दिवसाची वाचा. जहाजांसाठी मी यूकेएमटीओ या ब्रिटिश नौदलाच्या, जहाजांना इशारे देणाऱ्या केंद्राची नोंद बघते, त्यात जागा आणि वेळ असते, आणि आपल्या नौदलाचं निवेदन. वेळ बघताना येमेन आणि सौदी आपल्यापेक्षा अडीच तास मागे, हे विसरलं की तारीखच चुकते.

व्हिडिओ आला तर पुढे ढकलू नका, आधी त्याचा एक स्क्रीनशॉट काढून गुगल लेन्सवर टाका. आमच्या मामांनी पाठवलेला एक "जहाजावर मिसाईल" आर्मा ३ या गेममधला निघाला, धूर एकसारखा आणि कॅमेरा जरा पण हलत नव्हता, खरा माणूस शूट करताना हात हलतोच आणि ओरडतो.

जहाजवाल्यांसाठी थोडं वेगळं. ६ मार्च २०२४ ला ट्रू कॉन्फिडन्सवर बॅलिस्टिक मिसाईल लागून तीन खलाशी गेले, २१ जणांना आपल्या नौदलाच्या आयएनएस कोलकाताने उचललं, त्यात एक आपला भारतीय होता. म्हणजे धोका खरा आहे, मी कुणाला खोटा धीर देत नाही. पण ट्रॅकिंग ॲपवर जहाज दिसेनासं झालं म्हणजे बुडालं असं धरू नका, त्या पट्ट्यात बरीच जहाजं सिग्नल मुद्दाम बंद ठेवतात. आणि घरच्यांनी "आमचा अमुक जहाजावर, आज इथे आहे" असं स्टेटस कधीच टाकू नये.

भरती व्हायच्या आधी मुलाला दोन गोष्टी विचारायला लावा, रूट तांबड्या समुद्रातून आहे का, आणि जहाजाला आयबीएफचा (खलाशांच्या युनियन आणि जहाज कंपन्यांमधला) करार लागू आहे का, कारण तो असेल तर ठरलेल्या युद्धक्षेत्रात जायला नकार देता येतो आणि घरी पाठवायचा खर्च कंपनीचा असतो. एजंटने तोंडी सांगितलेलं धरू नका, कागद मागा.

एक वहीचं पान करा. जहाजाचं नाव, आयएमओ नंबर (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक), कुठला झेंडा, कंपनीचा रात्रीचा नंबर, पासपोर्ट आणि सीडीसीची (खलाशाच्या ओळखपुस्तकाची) झेरॉक्स, डीजी शिपिंग या सरकारी जहाज खात्याचा हेल्पलाइन नंबर, आखातात असेल तर तिथल्या भारतीय दूतावासाचा. नाव आणि आयएमओ पाठ असेल तर बातमी आपल्या जहाजाची आहे की नाही ते अर्ध्या मिनिटात कळतं. आमचं पान देव्हाऱ्याच्या खालच्या ड्रॉवरमध्ये आहे, आईला माहीत आहे. भावाशी ठरलंय की त्या पट्ट्यात शिरायच्या आधी तो "जेवलो" एवढंच पाठवतो आणि बाहेर पडला की "झोपतो", मधले दिवस आम्ही त्याला फोन करत नाही.