लॉगिन होतं, पण स्वतःच्या फायली उघडत नाहीत: माझा अनुभव

आमच्या छोट्या नेटवर्कवर लॉगिन एनआयएसवरून (सर्व्हरवरची वापरकर्त्यांची यादी सगळ्या मशीनना पुरवणारी सेवा) येतात आणि होम डिरेक्टऱ्या, म्हणजे प्रत्येकाच्या फायलींचे फोल्डर, एनएफएसवरून (सर्व्हरवरच्या फायली नेटवर्कवरून देणारी सेवा). एका मशीनवर मात्र एका सहकाऱ्याचा नवा पासवर्ड चालेना. जुना टाकला की लॉगिन व्हायचं, पण स्वतःच्याच फायलींवर ‘परमिशन डिनाइड’.

सर्व्हरला हात लावण्याआधी त्या मशीनवरच ‘वायपीविच’ चालवलं; मशीन कोणत्या एनआयएस सर्व्हरशी जोडलंय ते ही कमांड सांगते. ती जोडणी ठीक होती. एनआयएसची यादी दाखवणाऱ्या ‘वायपीकॅट’मध्ये सहकाऱ्याची नोंदही बरोबर, यूआयडी (वापरकर्त्याचा आकडा) 1004. मग हे मशीन त्याचा यूआयडी काय धरतंय ते बघायला ‘आयडी’ कमांड दिली, तर उत्तर आलं 1001! इथेच गुंता सुटला. खाती कुठे आधी शोधायची हे ठरवणाऱ्या एनएसस्विचच्या फायलीत ‘फाइल्स’ (मशीनवरचीच यादी) आधी आणि ‘एनआयएस’ नंतर होतं, त्यामुळे त्याच नावाचं जुनं लोकल खातं आधी सापडत होतं. आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये एनएफएस परवानगी ठरवताना नाव बघतच नाही, फक्त आकडा बघतं.

लोकल खातं ‘यूझरडेल’ या खातं काढायच्या कमांडने काढलं, पण ‘आर’ हा पर्याय न देता. तो दिला तर होम डिरेक्टरीही उडू शकते, आणि इथे ती सामायिक सर्व्हरवर असते. हे खरंच जपायला हवं. लोकल डिस्कवरच्या 1001च्या फायली ‘फाइंड’ने शोधून 1004च्या नावे केल्या, त्यात ‘एक्सडेव्ह’ हा पर्याय लावला, म्हणजे शोध एनएफएसमध्ये शिरत नाही. शेवटी खात्यांची जुनी माहिती लक्षात ठेवणाऱ्या ‘एनएससीडी’ची कॅशे (तात्पुरता साठा) रिकामी केली आणि नवा पासवर्ड लगेच चालला.