स्पिन-क्रॉसओव्हरच्या संशोधनाकडे वळताना

स्पिन-क्रॉसओव्हरवर, म्हणजे उष्णतेने किंवा प्रकाशाने इलेक्ट्रॉनांची मांडणी (स्पिन-अवस्था) बदलणाऱ्या रेणूंवर, भौतिक रसायनशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे असेल, तर एम.एस्सी. करतानाच चुंबकीय मापनाचा पाया पक्का करावा आणि पीएच.डी.साठी असा गट निवडावा, जिथे संश्लेषण व मापन दोन्ही स्वतःच्या हाताने करता येते.

सुरुवात लोह-ट्रायझोल संयुगांपासून (ट्रायझोल म्हणजे तीन नायट्रोजन अणू असलेले वलय) करावी. तापवल्यावर त्यांची जांभळी पूड पांढरी पडते, कारण लोहाच्या सहा डी-इलेक्ट्रॉनांपैकी (बाहेरच्या डी-कक्षकांतले इलेक्ट्रॉन) चार अयुग्मित, म्हणजे जोडीविना, होतात आणि पदार्थ चुंबकीय बनतो. थंड करताना मात्र रंग बराच खालच्या तापमानाला परततो, आणि माझ्या मते या विषयाचे खरे मर्म त्या तफावतीतच आहे. तापवण्या-थंड करण्याच्या पहिल्या फेरीत स्फटिकातले पाणी निघून जाते, त्यामुळे पुढच्या फेऱ्या सावकाश मोजून त्यांवरच विसंबावे.

१९८४ मध्ये जर्मनीतील माइन्झ विद्यापीठाच्या गटाने अतिशीत तापमानाला हाच बदल प्रकाशाने घडवला. प्रकाशाच्या अशा प्रयोगांकडे वळण्यापूर्वी वर्णपटशास्त्र (पदार्थ कोणता प्रकाश शोषतो याचा अभ्यास) शिकावे.