रोहूला जठर नसतं : मत्स्यखाद्याच्या धंद्यात येऊ पाहणाऱ्यांसाठी

इंदुरात राहून माशांच्या खाद्याचं काम शिकता येतं का, असं बी.एस्सी. झालेली मुलं हल्ली विचारतात. येतं, आणि काही बाबतीत किनाऱ्यापेक्षा बरं येतं. गोड्या पाण्यातल्या माशांच्या तयार खाद्यात प्रथिनांचा मोठा वाटा सोयाबीनच्या पेंडीचा असतो, आणि ती तर आपल्या माळव्याच्या घरची. सोया प्रक्रिया उद्योगाची संघटना ‘सोपा’ इथलीच, सोयाबीन संशोधनाचं राष्ट्रीय केंद्रही १९८७ पासून इथेच. मी बायोकेमिस्ट्री करून सोया प्लांटच्या लॅबमध्ये लागले, तिथून कोंबडीखाद्याच्या एका मिलमध्ये गेले, आणि त्या मिलने माशाची लाइन टाकली तेव्हा फॉर्म्युलेशनला, म्हणजे खाद्यात काय किती घालायचं ते ठरवायला, बसले. म्हणून पुढचं सगळं कच्च्या मालाच्या बाजूने सांगतेय. मत्स्यविज्ञान शिकून आलेला माणूस हेच तळ्याच्या बाजूने सांगेल, तेही ऐका.

रामबागेतल्या आमच्या आत्याबाईंना अजून हे पटत नाही. महेश्वरच्या घाटावर कणकेच्या गोळ्या टाकल्या की मासे तुटून पडतात, त्यात शिकायचं काय? त्यांना देते तेच उत्तर तुम्हालाही. कणकेत प्रथिनं १०-१२ टक्के, बाकी बहुतेक स्टार्च. रोहू-कटल्याच्या वाढत्या माशाला खाद्यात २५ ते ३० टक्के प्रथिनं लागतात, पिल्लांना त्याहून जास्त. मासा शरीर गरम ठेवत नाही, त्यामुळे त्याची ऊर्जेची गरज कमी आणि एकूण खाणंही कमी. त्या थोडक्या घासात प्रथिनं दाटून भरावी लागतात. शिवाय प्रथिनं जाळून ऊर्जा काढायची त्याला सवय असते, आणि त्यातून सुटणारा अमोनिया तो कल्ल्यांवाटे थेट पाण्यात सोडतो. खाद्यात तेल आणि स्टार्च बेताने दिले नाहीत, तर तुमची महागडी पेंड अमोनिया होऊन तळ्यात जाते.

आमच्या भागात या कामावर येणारे बहुतेक जण पोल्ट्रीतून आलेले. हिशोबात तरबेज, पण मासा म्हणजे पाण्यातली कोंबडी असं धरून चालतात. तिथेच गाडी अडते, कारण रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) या कार्प कुळातल्या माशांना जठरच नसतं. अन्न घशातून जवळजवळ सरळ आतड्यात. जठर नाही म्हणजे आम्ल नाही. कोंबडीच्या खाद्यात फॉस्फरससाठी आपण डोळे मिटून डीसीपी, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट, घालतो. ते विरघळायला आम्ल लागतं. कार्पमध्ये मोनोकॅल्शियम फॉस्फेटमधला फॉस्फरस ९० टक्क्यांच्या वर अंगी लागतो, डीसीपीतला निम्म्याच्या आसपास. कॅल्शियम मासा पाण्यातून ओढून घेतो, फॉस्फरस मात्र खाद्यातूनच मिळाला पाहिजे. सोयामधला निम्म्याहून जास्त फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो. तो सोडवणारं फायटेज एन्झाइमही आम्लातच जोमाने काम करतं. रोहूवरच्या प्रयोगांत फायटेजबरोबर सायट्रिक आम्ल दिल्यावर फॉस्फरस जास्त लागू पडला, त्याचं कारण हेच. न पचलेला फॉस्फरस विष्ठेतून पाण्यात जातो, पाणी हिरवं होतं, आणि पहाटे ऑक्सिजन खाली येतो. शेतकरी मग ‘खाद्य खराब आहे’ म्हणून फोन करतो. त्याचं चुकत नाही, फक्त खराबी पोत्यावरच्या लेबलात दिसत नाही.

आता पेंड. धंद्यात तिला डीओसीच म्हणतात, म्हणजे डी-ऑइल्ड केक, तेल काढलेली पेंड. गाडी लागली की पोत्यात परखी खुपसून नमुना निघतो, आणि सगळे ‘प्रोटीन किती?’ विचारतात. प्रथिनं मोजायची केल्डाल पद्धत खरं तर नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. युरियात नायट्रोजन ४६ टक्के. म्हणजे १०० किलो पेंडीत एक किलो युरिया मिसळला, तर कागदावर प्रथिनं सुमारे अडीच टक्क्यांनी वाढतात. माशाला त्याचा उपयोग शून्य. म्हणून युरियाची तपासणी वेगळी करायची, वाळूची वेगळी.

त्यानंतर पेंड किती भाजली गेली ते पाहायचं. कच्च्या सोयात ट्रिप्सिन इनहिबिटर असतो, तो प्रथिनं पचू देत नाही, उष्णतेने मरतो. कमी भाजली आहे का ते युरिएज चाचणी सांगते. युरिएज हे सोयातलंच एन्झाइम, तेही उष्णतेने मरतं: चाचणीत पीएच ०.०५ ते ०.२० ने वाढला तर ठीक. जास्त भाजली असेल तर लायसिन हे अमिनो आम्ल साखरेशी बांधलं जातं आणि वाया जातं. ते युरिएज सांगत नाही, त्यासाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधली (केओएच) प्रथिनांची विद्राव्यता काढतात, सुमारे ७५ ते ८५ टक्के हवी. ४८ टक्के प्रथिनांची करपलेली पेंड ४५ टक्क्यांच्या नीट भाजलेल्या पेंडीपुढे हरते. हे एकदा हाताने करून पाहिलं की फॉर्म्युला सॉफ्टवेअरवरचा आंधळा विश्वास कमी होतो.

सॉफ्टवेअर शिकाच, पण आधी कागदावर पिअर्सन चौकोन मांडा, दोन जिन्नस किती-किती घ्यायचे ते काढायची साधी रीत. समजा २८ टक्क्यांचं खाद्य हवंय, हाताशी ४६ टक्क्यांची सोया डीओसी आणि १५ टक्क्यांचा तेल काढलेला तांदळाचा कोंडा. २८ वजा १५ म्हणजे १३ भाग सोया, ४६ वजा २८ म्हणजे १८ भाग कोंडा. शंभरात साधारण ४२ आणि ५८. झालं? नाही. तेल, खनिजं, व्हिटॅमिन यांना ६ किलो जागा सोडली, तर उरलेल्या ९४ किलोतच २८ किलो प्रथिनं बसवायची. सोया पावणेपंचेचाळीसच्या वर जाते, कोंडा ४९ वर येतो. मग कळतं की सोयात मेथिओनिन हे अमिनो आम्ल तोकडं आहे. फिशमीलमध्ये, म्हणजे माशाच्या भुकटीत, ते १.७ टक्क्यांच्या आसपास, सोया पेंडीत ०.६ च्या. मग थोडं फिशमील किंवा डीएल-मेथिओनिन. त्यातही शुद्ध अमिनो आम्ल पाण्यात विरघळून निघून जातं, म्हणून गोळी घट्ट हवी. मग प्लांटवाला येऊन सांगतो, एवढ्या कोंड्यात माझी गोळी तरंगणार नाही. फ्लोटिंग फीडला, म्हणजे तरंगत्या खाद्याला, एक्स्ट्रुडरमध्ये (उष्णतेने आणि दाबाने गोळी काढणाऱ्या यंत्रात) फुगायला स्टार्च लागतो, तर कणी किंवा मका घाला. की प्रथिनांचा हिशोब पुन्हा पहिल्यापासून. या नोकरीत दिवसचे दिवस असेच जातात, आणि मला तरी हाच भाग सगळ्यात आवडतो.

एक्स्ट्रुडरच्या उष्णतेत साधं व्हिटॅमिन सी टिकत नाही. त्याचं फॉस्फेट रूप घाला, नाहीतर माशाच्या पाठीचा कणा वाकतो. भुईमुगाची पेंड ओल लागलेली असेल तर अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची भीती. सरकीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असतं. हे सगळं पुस्तकात मिळेल.

जे लॅबमध्ये मिळत नाही, त्यासाठी महिन्यातून एक-दोनदा तळ्यावर जा. खाद्य सकाळी उजाडताच टाकू नये, ऊन वर येऊन ऑक्सिजन वाढू द्यावा, हे शेतकऱ्याला सांगणं तुमचंच काम. माळव्याच्या थंडीत पाणी १८-२० अंशांच्या खाली गेलं की कार्प खाणं आखडतात. तेव्हा उन्हाळ्याच्याच मापाने टाकलेलं खाद्य तळाशी कुजतं, आणि एफसीआर, म्हणजे एक किलो वाढीला लागलेलं खाद्य, बिघडतो. दोष मात्र फॉर्म्युल्याच्या नावावर लागतो.

शिक्षणाचं थोडक्यात. बी.एफ.एस्सी., म्हणजे मत्स्यविज्ञानाची पदवी, चार वर्षांची. मध्य प्रदेशात जबलपूरला कॉलेज आहे, महाराष्ट्रात नागपूर, उदगीर आणि रत्नागिरीजवळ शिरगावला. मत्स्यपोषणात एम.एफ.एस्सी. करायची तर मुंबईचं वर्सोव्याचं सिफे (केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था) पहिलं डोळ्यांसमोर ठेवा. माझ्यासारख्या रसायन-जीवरसायनवाल्यांना दार क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, लॅबचं. मोठ्या मत्स्यखाद्य मिल बहुतांशी आंध्रात आहेत, तेव्हा कधीतरी सामान बांधावं लागेल हे घरी आधीच सांगून ठेवा. आणि घर शाकाहारी असेल तर फिशमीलचा वास कपड्यांतून जात नाही, हेही.

मिलमध्ये मुलाखतीला गेलात तर बहुधा विचारतील: डीओसीची गाडी दारात उभी आहे, प्रोटीन ४८ आलंय, भाव उतरलेला आहे, घ्याल का? लगेच हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. युरिएज किती, केओएच विद्राव्यता किती, युरिया तपासला का, वाळू किती, ओल किती, ते विचारा. आणि हे खाद्य कुठल्या माशासाठी, तेही.