फुटबॉल मॅनेजर ऑनलाइन: युथ अकॅडमीवर पैसा कुठे, कधी आणि कोणत्या क्रमाने घालावा

फुटबॉल मॅनेजर (एफएम) या क्लब चालवण्याच्या संगणक गेममध्ये चार मित्रांनी मिळून ऑनलाइन करिअर सुरू केले की पहिल्याच ट्रान्सफर विंडोत (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या काळात) सगळे एकाच यादीवर तुटून पडतात. तेच वंडरकिड (असामान्य गुणवत्तेची तरुण मुले), त्यांच्यावरच बोली, आणि ज्याने रेआल माद्रिद किंवा मँचेस्टर सिटी घेतली आहे तो प्रत्येक बोली जिंकतो. छोटा किंवा मधल्या फळीतला क्लब घेणाऱ्यासमोर टिकाऊ वाट एकच उरते, ती म्हणजे आपली मुले आपण घडवणे. पण क्लबचे संचालक मंडळ, म्हणजे बोर्ड, या कामासाठी एकदम सगळे देत नाही. त्यामुळे आधी काय मागायचे आणि नंतर काय, यावरच बरेचसे अवलंबून असते. खालचे मार्गदर्शन एफएम २०२४ समोर ठेवून लिहिले आहे. इतर आवृत्त्यांत बटणांची जागा बदललेली दिसू शकते.

पैसा नेमका कुठे जातो

अकॅडमी ही एकच वस्तू नाही. क्लबच्या माहितीत तीन वेगळ्या नोंदी दिसतात.

'युथ रिक्रूटमेंट' म्हणजे मुले शोधणारे जाळे. ते जितके पसरलेले, तितकी चांगल्या गुणवत्तेची मुले तुमच्या दारात येण्याची शक्यता जास्त. 'ज्युनियर कोचिंग' म्हणजे क्लबच्या अंडर-१८ संघात येण्याआधी मुलांना मिळालेले शिक्षण. त्यावर मुलगा पहिल्या दिवशी किती तयार असेल ते ठरते. 'युथ फॅसिलिटीज' म्हणजे मैदाने, जिम आणि इमारत. मुलगा आल्यानंतर किती झपाट्याने वाढेल, हे बऱ्याच अंशी त्यांच्यावर असते.

चौथी गोष्ट एक माणूस आहे: हेड ऑफ युथ डेव्हलपमेंट, म्हणजे अकॅडमीचा प्रमुख. पाचवी तुमच्या हातात नसते, ती म्हणजे देशाचा युवा दर्जा. गेममध्ये प्रत्येक देशाला असा एक छुपा आकडा दिलेला असतो. ब्राझील किंवा फ्रान्समधल्या साध्या क्लबलाही अधूनमधून हिरा सापडतो. मुंबई सिटी किंवा एफसी गोवा घेऊन खेळणाऱ्याने मात्र सर्वोत्तम इमारत बांधली तरी युरोपच्या तोडीच्या मुलांची दरवर्षी अपेक्षा ठेवू नये. तिथे अकॅडमीचा हिशेब भारतीय लीगच्या पातळीवर मांडावा, आणि त्या पातळीवर ती उत्तम फळ देते.

पायरी १: आधी माणूस

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गुंतवणूक हीच. हेड ऑफ युथ डेव्हलपमेंटचा स्वभाव नव्या मुलांच्या स्वभावात उतरतो, आणि त्याच्या आवडत्या फॉर्मेशनचा (संघरचनेचा) कल मुलांच्या जागांवर दिसतो. स्टाफ सर्चमध्ये 'वर्किंग विथ यंगस्टर्स' (मुलांसोबत काम करण्याची हातोटी) आणि 'जजिंग प्लेअर पोटेन्शियल' (खेळाडूची भावी क्षमता ओळखण्याची नजर) हे गुण २० पैकी किमान १५ असलेली माणसे शोधा. मग त्यांच्यातून 'मॉडेल प्रोफेशनल', 'प्रोफेशनल' किंवा 'रिझोल्यूट' (निग्रही) स्वभावाचा माणूस निवडा. गुण थोडे कमी पण स्वभाव उत्तम असा माणूस मिळत असेल, तर आम्ही त्यालाच घेण्याचा सल्ला देऊ. कारण मुलांचे आकडे प्रशिक्षकांकडून वाढवून घेता येतात. मुलांत उतरलेला आळशी स्वभाव बदलायला मात्र वर्षे जातात.

त्याला इनटेकच्या, म्हणजे दरवर्षी अकॅडमीत नवी मुले दाखल होण्याच्या, बऱ्याच आधी नेमा. इंग्लंडमध्ये इनटेक साधारण मार्चच्या आसपास येतो. इतर देशांत तारीख वेगळी असते आणि त्याआधी प्रिव्ह्यूची, म्हणजे येणाऱ्या मुलांच्या अंदाजाची, बातमी येते. प्रिव्ह्यू वाचून मग माणूस शोधायला निघालात, तर त्या वर्षापुरता उशीर झालेला असतो.

पायरी २: रिक्रूटमेंट आणि कोचिंग, मग इमारत

बोर्डरूममध्ये विनंती करताना पहिली मागणी युथ रिक्रूटमेंटची ठेवा, दुसरी ज्युनियर कोचिंगची. या दोन्ही चालू खर्चाच्या बाबी आहेत. बांधकाम नसल्यामुळे मंजुरी मिळाल्यावर त्यांचा उपयोग लवकर सुरू होतो. युथ फॅसिलिटीजचा खर्च एकरकमी आणि मोठा, शिवाय काम पूर्ण व्हायला महिने लागतात.

क्रम असा ठेवण्याचे कारण साधे आहे. खेळाडूची कमाल क्षमता गेम २०० पैकी एका आकड्यात धरतो, आणि मुलगा निर्माण झाला की तो आकडा बदलत नाही. जेमतेम क्षमतेच्या मुलाला जगातली सर्वोत्तम इमारत दिली तरी तो त्या आकड्यापुढे जाणार नाही. उलट चांगल्या क्षमतेचा मुलगा 'ॲव्हरेज' दर्जाच्या मैदानावरही बराच पुढे जातो.

विनंतीची वेळ साधा. बढती मिळाली, चषक जिंकला, मोठी विक्री झाली किंवा बोर्डाचा विश्वास वर आहे, तेव्हा मागा. क्लब तोट्यात असताना मागितले तर नकार ठरलेला. नकारानंतर लगेच पुन्हा तगादा लावू नका आणि अल्टिमेटम तर देऊच नका. अकॅडमीच्या हट्टापायी नोकरी जाऊ शकते.

पायरी ३: इनटेकच्या दिवशी तारे नीट वाचा

सर्वांत जास्त चुका इथे होतात. गेम प्रत्येक मुलाची आजची आणि भावी क्षमता (पोटेन्शियल) ताऱ्यांत दाखवतो, आणि हे तारे तुमच्याच संघाच्या तुलनेत दिलेले असतात. दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबमधला पाच तारे पोटेन्शियलवाला मुलगा वरच्या श्रेणीत सामान्य ठरू शकतो. संघ सुधारला की त्याच मुलाचे तारे कमी दिसू लागतात, आणि मुलगा बिघडला असे समजून लोक त्याला विकून टाकतात. शिवाय तारे हे प्रशिक्षकाचे मत असते. काळ्या रंगातले तारे अनिश्चितता दाखवतात. म्हणून ज्याचे 'जजिंग प्लेअर पोटेन्शियल' चांगले आहे अशा किमान दोघांचा अहवाल पाहा.

सगळ्यांना करार देऊ नका. मुलांचा पगार क्षुल्लक असला तरी गर्दी वाढली की प्रशिक्षकांवरचा भार वाढतो आणि सरावाचा दर्जा उतरतो. पाच-सहा कामाची मुले ठेवा. दोन मुले सारखीच वाटली तर स्वभाव आणि 'डिटर्मिनेशन' (जिद्द) पाहून निवड करा.

पायरी ४: १५ ते २१, खरी गुंतवणूक

इनटेक आला की अनेक जण मुलांना अंडर-१८ मध्ये टाकून विसरतात. पण याच वर्षांत लक्ष दिले तर मुलगा घडतो.

अठरापर्यंत सरावाला महत्त्व. मैदानावरची जागा आणि रोल (तिथली भूमिका) लवकर ठरवा, प्रत्येकाला एक वैयक्तिक फोकस द्या, आणि अंडर-१८ चे प्रशिक्षक भरा. जो मुलगा इतरांपेक्षा स्पष्टपणे पुढे आहे त्याला पहिल्या संघासोबत सरावाला घ्या, म्हणजे त्याला वरचे प्रशिक्षक आणि मोठ्या संघाच्या सोयी मिळतात. सरावाची तीव्रता सरसकट दुप्पट ठेवू नका. थकलेल्या मुलांना दुखापती होतात, आणि सोळाव्या वर्षी कित्येक महिने बाहेर बसलेला मुलगा मागे पडतो.

पहिल्या संघात आल्यावर त्याला मेंटॉरिंग गटात टाका, म्हणजे अनुभवी खेळाडूंचा स्वभाव त्याच्यात उतरतो. गटात किमान तिघे लागतात. दोन अनुभवी, शिस्तीचे, संघात वजन असलेले खेळाडू आणि एक मुलगा ही रचना उत्तम चालते. एक बेफिकीर तारा आणि दोन मुले असा गट केला, तर बेफिकिरी दोघांत पसरते.

अठरानंतर मात्र सामने हवेत. संघात जागा नसेल तर लोनवर, म्हणजे तात्पुरते दुसऱ्या क्लबात, पाठवा, पण आधी तीन गोष्टी तपासा: तिथे त्याला नियमित खेळवण्याचे आश्वासन आहे का, त्याचीच जागा आणि रोल मिळेल का, आणि त्या क्लबच्या सरावाच्या सोयी बऱ्या आहेत का. परत बोलावण्याची अट घालून ठेवा. मोठ्या क्लबच्या बाकावर बसून घालवलेला हंगाम वाया जातो.

पायरी ५: ऑनलाइन खेळात मुले राखणे

संगणकाच्या क्लबांपेक्षा तुमचे मित्र जास्त घातक. तुमचा इनटेक त्यांना शोधता येतो. इंग्लंडमध्ये सतराव्या वर्षी मुलाशी व्यावसायिक करार करता येतो; ज्यांच्यावर भरवसा आहे त्यांच्या सतराव्या वाढदिवसाची नोंद ठेवा आणि लांबचा करार करा. युथ करारावरचा मुलगा थोड्या भरपाईत हातातून जाऊ शकतो. पगार कमी करण्यासाठी रिलीज क्लॉज (ठरलेली रक्कम देणाऱ्या क्लबाला खेळाडू सोडण्याची अट) मान्य करणे ही ऑनलाइन करिअरमधली महागडी बचत आहे, कारण तो आकडा मित्रालाही दिसतो. मित्रांसोबतच्या खेळाच्या सत्राला हजर राहता येणार नसेल, तर हॉलिडेवर (तुमच्याविना गेम पुढे चालवण्याच्या सोयीवर) जाण्यापूर्वी येणाऱ्या ऑफर आणि करारांचे काय करायचे ते ठरवून जा.

इंग्लिश क्लबसाठी हे आणखी महत्त्वाचे. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे २०२१ पासून, त्यांना परदेशातली अठराखालची मुले घेता येत नाहीत, आणि गेमही हा नियम पाळतो. त्यामुळे घरची मुले हाच तरुण खेळाडूंचा मोठा स्रोत उरतो. बास्क मुलांवरच संघ उभा करणाऱ्या स्पेनमधल्या ॲथलेटिक बिल्बाओचा सेव्ह घेतला (म्हणजे तो क्लब घेऊन खेळलात), तर त्यांच्या लेझामा अकॅडमीशिवाय दुसरा आधारच नाही.

कोणाला ठेवावे, कोणाला विकावे

मध्यम कुवतीचा घरचा मुलगाही कामाचा असतो. युरोपियन स्पर्धांत युएफाच्या (युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या) 'लिस्ट ए' या खेळाडू-नोंदणी यादीत २५ जागा असतात. त्यातल्या ८ स्थानिक घडणीच्या खेळाडूंसाठी राखीव, आणि त्या ८ पैकी किमान ४ तुमच्याच क्लबात घडलेले लागतात. १५ ते २१ या वयात तीन हंगाम तुमच्याकडे काढलेला खेळाडू त्यात बसतो. असे खेळाडू भरले नाहीत तर त्या जागा रिकाम्या राहतात. म्हणून असे चार-पाच जण हाताशी असल्याशिवाय सरसकट विक्री करू नका.

बाकीच्यांना विकताना पूर्ण रोखीचा आग्रह सोडा. किंमत थोडी कमी घ्या आणि पुढच्या विक्रीच्या नफ्यात वाटा मागा. २० टक्क्यांपासून बोलणी सुरू करा आणि ताणता येईल तितके ताणा. ज्याच्याबद्दल मन साशंक आहे, त्याच्या करारात परत विकत घेण्याचा हक्कही घाला.