बुल टेरिअरचा रंग पाहताना या चुका टाळा

बुल टेरिअर आणि त्याच्या नात्यातील कुत्र्यांविषयी माझ्याकडे येणारे बहुतेक प्रश्न रंगापासून सुरू होतात आणि रंगापाशीच संपतात. पांढरा कुत्रा अल्बिनो असतो का, ब्रिंडल, म्हणजे लालसर अंगावर गडद पट्टे असलेला कुत्रा, जास्त तापट असतो का, हे राखाडी पिल्लू दुर्मिळ आहे का, अशी विचारणा होते आणि सोबत सोफ्यावर झोपलेल्या कुत्र्याचा पिवळ्या दिव्याच्या उजेडातला एखादा फोटो जोडलेला असतो. अशा फोटोवरून मी कोणतेही मत देत नाही. नाकाचा शेंडा, ओठांच्या कडा आणि पापण्यांच्या कडा यांचा दिवसाच्या उजेडातला फोटो आधी मागवतो आणि अंगावरचे केस सर्वांत शेवटी पाहतो.

रंगावरून जात ठरवणे

ब्रिंडल पट्टे बॉक्सरला असतात, ग्रेहाउंडला असतात, ग्रेट डेनलाही असतात. त्यामुळे पट्टे दिसले की ‘बुल’ रक्त आहे असे जाहीर करण्यात काही अर्थ नाही. जात डोक्यावरून ओळखावी. बुल टेरिअरचे डोके बाजूने पाहिले तर कवटीच्या माथ्यापासून नाकाच्या टोकापर्यंत एकच सलग उतरती कमान दिसते, मध्ये खाच नसते, आणि डोळे लहान, त्रिकोणी व खोल बसवलेले असतात. स्टॅफर्डशायर बुल टेरिअरची कवटी रुंद असते, कपाळ आणि नाकाड यांच्यामध्ये स्पष्ट खाच असते, डोळे गोल असतात आणि खांद्यापाशी उंची साधारण 35.5 ते 40.5 सेंटीमीटर भरते. अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरिअर त्याहून उंच असतो. त्याचा नर सुमारे 46 ते 48 सेंटीमीटरचा असतो. या तिघांना एका दावणीला बांधून सरसकट ‘पिटबुल’ म्हणणाऱ्यांशी वाद घालणे मी सोडून दिले आहे. ‘रेड नोज’ आणि ‘ब्लू नोज’ या तर जातीच नव्हेत. नाकाच्या रंगावरून पडलेली ती विक्रीची नावे आहेत.

पांढऱ्या कुत्र्याविषयीचे गैरसमज

बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्स यांनी 1860 च्या सुमारास जुन्या बुल-अँड-टेरिअर कुत्र्यांचा पांढऱ्या इंग्लिश टेरिअरशी संकर करून जो पांढराशुभ्र कुत्रा पुढे आणला, त्याच्यामुळे ही जात नावारूपाला आली. तरीही पांढरा बुल टेरिअर म्हणजे अल्बिनो, हा समज काही केल्या जात नाही. अल्बिनो प्राण्याला रंगद्रव्य तयारच करता येत नाही, तर पांढऱ्या बुल टेरिअरचे नाक काळे आणि डोळे गडद असतात. तो मुळात रंगीत कुत्राच असतो, फक्त त्याच्या रंगावर पांढरी चादर अंथरलेली असते. या चादरीमागे एमआयटीएफ नावाच्या जनुकाजवळचा बदल आहे, हे 2007 मध्ये बॉक्सर आणि बुल टेरिअर यांच्या अभ्यासातून दिसून आले. हा बदल दोन्ही पालकांकडून आला तर पिल्लू जवळजवळ पूर्ण पांढरे होते आणि एकाकडूनच आला तर छाती, पंजे, मान आणि चेहरा एवढ्यापुरता पांढरा भाग दिसतो. म्हणूनच पांढरी छाती असलेल्या दोन रंगीत कुत्र्यांच्या पोटी पांढरी पिल्ले येतात. ती आली की मादीवर संशय घेणारे मालक मी पाहिले आहेत, आणि त्यांना जनुकशास्त्र समजावण्यापेक्षा पालकांच्या छातीकडे बोट दाखवणे सोपे जाते.

या चादरीचा खरा धोका कानात असतो. अंतर्कर्णाच्या भिंतीतील रंगपेशी तेथील द्रवाचे संतुलन राखतात. त्या पेशी तिथवर पोहोचल्याच नाहीत तर ऐकण्याच्या केशपेशी जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. पांढऱ्या बुल टेरिअरमध्ये सुमारे पाचांपैकी एकाला एका किंवा दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, तर रंगीत बुल टेरिअरमध्ये हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आहे. कानावर किंवा डोळ्यावर रंगीत डाग आहे म्हणजे कान शाबूत आहे, अशी हमी कोणी देऊ नये, कारण केसांतला रंग आणि आतल्या कानातल्या रंगपेशी एकमेकांना बांधलेल्या नसतात.

आणि येथे सर्वांत संतापजनक आडवाट येते, ती म्हणजे टाळी वाजवून घेतलेली परीक्षा. टाळीबरोबर हवा हलते, पायाखालची जमीन थरथरते, हाताची सावली पडते, शेजारचे भावंड दचकते आणि बहिरे पिल्लूही मान वर करते. एकाच कानाने ऐकणारे पिल्लू तर ही परीक्षा हमखास पास होते. त्याला आवाज कोणत्या दिशेने आला एवढेच नीट कळत नाही. खात्रीचा मार्ग एकच आहे आणि तो म्हणजे बेअर चाचणी. पिल्लू पाच-सहा आठवड्यांचे झाले की त्याच्या डोक्याच्या कातडीखाली बारीक सुया टोचतात, प्रत्येक कानात वेगवेगळे टकटक आवाज सोडतात आणि मेंदूकडे जाणारा विद्युत संकेत यंत्रावर उमटतो की नाही, हे पाहतात. काही मिनिटांचे काम आहे. ज्या ब्रीडरला एवढी काही मिनिटे काढता येत नाहीत, त्याच्याकडून मी पांढरे पिल्लू कोणालाही घ्यायला सांगत नाही. एका कानाने बहिरा कुत्रा घरात मजेत राहतो. मात्र त्याच्यापासून पुढची पैदास करू नये.

निळा म्हणून काळा ब्रिंडल विकणे, किंवा उलट

निळा म्हणजे विरळ झालेला काळा रंग, आणि ही विरळता नाकातही उतरते. ज्या कुत्र्याचे नाक कोळशासारखे काळे आहे, तो निळा नाही, मग पेडिग्रीच्या कागदावर काहीही लिहिलेले असो. गडद ब्रिंडल पिल्लू घरातल्या उजेडात राखाडी भासते. त्याला उन्हात नेऊन पाठीवरचे केस बोटांनी दुभंगले की आतले तांबूस पट्टे दिसतात. ब्रिटिश केनेल क्लबच्या निकषांत बुल टेरिअरमध्ये निळा आणि लिव्हर (यकृतासारखा तपकिरी) हे रंग अत्यंत अनिष्ट मानले आहेत, स्टॅफर्डशायरमध्ये मात्र निळा चालतो आणि ब्लॅक-अँड-टॅन (काळ्या अंगावर तांबूस खुणा) व लिव्हर चालत नाहीत. त्यामुळे एका जातीचे नियम दुसरीला लावू नयेत. विरळ रंगाच्या काही कुत्र्यांचे केस पुढे गळतात आणि कातडी खवलेदार होते, ही गोष्ट ‘दुर्मिळ निळा’ म्हणून जास्त किंमत लावणारे सांगत नाहीत. मर्ल, म्हणजे फिकट अंगावर गडद धब्बे असलेल्या रंगाचा ‘शुद्ध’ बुल टेरिअर कोणी दाखवला, तर तेथून उठावे.

फिकट पिल्लाला दुर्मिळ समजणे

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने एका लिटरमधून, म्हणजे एकाच वेताच्या पिल्लांमधून, सर्वांत फिकट पिल्लू निवडले, कारण ब्रीडरने त्याचे वर्णन ‘शॅम्पेन’ असे केले होते आणि इतर भावंडांपेक्षा ते खरोखरच उजळ दिसत होते. काही आठवड्यांतच ते भावंडांच्या निम्म्या आकाराचे वाटू लागले. खाऊ घातलेले टाळूला चिकटून राही आणि घरातली थोरली मुलगी दर वेळी बोटाने ते काढत असे. खाद्य बदलून झाले, शाम्पू बदलून झाले, जस्ताच्या गोळ्याही सुरू झाल्या, आणि रंगाच्या फोटोंबरोबर मला विचारणा झाली की हा रंग पुढे गडद होईल का. मी पंजाचा फोटो मागवला. तळव्याच्या गाद्या जाड, कडक आणि भेगाळलेल्या होत्या आणि बोटे फाकलेली होती.

तो लीथल ॲक्रोडर्मॅटायटिस हा प्राणघातक आनुवंशिक आजार होता, जनुकीय तपासणीनेही तेच सांगितले. या आजारात रंगीत पिल्लांचा रंग भावंडांहून फिकट असतो, टाळू उंच कमानीसारखी असते, वाढ खुंटते, त्वचेचे आणि फुप्फुसांचे संसर्ग वारंवार होतात, आणि जस्त देऊनही फरक पडत नाही. ते पिल्लू वर्षभरही जगले नाही. यामागचा एमकेएलएन1 जनुकातील दोष 2018 मध्ये सापडला आणि वाहक, म्हणजे स्वतः निरोगी राहून दोष पिल्लांना देणारे कुत्रे, ओळखण्याची चाचणी उपलब्ध झाली, त्यामुळे आता सबब उरलेली नाही. दोन्ही पालक वाहक असले तरच असे पिल्लू जन्मते; पालक स्वतः ठणठणीत दिसतात, म्हणूनच ‘आईबाप तर मस्त आहेत’ हे उत्तर मला पुरत नाही. लिटरमध्ये एकच पिल्लू वेगळ्या छटेचे असेल, तर त्या छटेचे नाव विचारण्यापूर्वी पिल्लू उलटे करून त्याचे चारही पंजे पाहावेत आणि तोंड उघडून टाळू पाहावी. घाई झालेल्या खरेदीदाराला नेमके एवढेच करायला वेळ नसतो.

उरलेल्या चुका किरकोळ आहेत, पण रोज दिसतात. दोन लाल किंवा फॉन (फिकट तपकिरी) कुत्र्यांच्या पोटी ब्रिंडल पिल्लू येत नाही, कारण पट्ट्यांसाठी किमान एका पालकाकडे तो जनुक हवा आणि त्याच्या अंगावर लाल भाग असेल तर तेथे पट्टे दिसतातच. असे पिल्लू कोणी दाखवले तर बाप कोणता, हे पुन्हा विचारावे. पांढऱ्या अंगावर वयानुसार उमटणारे बारीक ठिपके हा आजार नव्हे. ते प्रदर्शनात अनिष्ट मानले जातात एवढेच, त्यामुळे घासून काढण्याचा खटाटोप करू नये. पांढऱ्या कुत्र्याच्या पोटाची आणि नाकाच्या वरच्या भागाची गुलाबी कातडी उन्हात भाजते. रंगावरून स्वभाव सांगणाऱ्याला पालकांना भेटवायला सांगावे. आणि मिनिएचर बुल टेरिअर म्हणजे उपाशी ठेवून लहान केलेला बुल टेरिअर नव्हे, 35.5 सेंटीमीटरपेक्षा जास्त उंची नसलेली ती स्वतंत्र जात आहे. तिच्यात डोळ्याचे भिंग जागेवरून सरकण्याचा आनुवंशिक आजार आढळतो, म्हणून पिल्लाचा रंग पसंत करण्याआधी दोन्ही पालकांचा त्या जनुकचाचणीचा अहवाल मागावा.