मॉडिफाय केलेल्या कॅमेऱ्याचे लालभडक फोटो

कासच्या पठारावरून मृग नक्षत्राचे फोटो काढले आणि सगळं आभाळ गुलाबी आलं? सेन्सरपुढचा, लाल उजेड अडवणारा फिल्टर काढलेल्या (म्हणजेच मॉडिफाय केलेल्या) कॅमेऱ्यात ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप साधलेला रंगांचा तोल, गंडतोच. मी आता असं करतो:

१. दुपारीच, उन्हात, साधा पांढरा कागद फ्रेमभर घेऊन एक फोटो काढायचा. लेन्स रात्रीचीच हवी. कागद जळून पांढराफट्ट येऊ द्यायचा नाही, एक्स्पोजर जरा कमीच ठेवायचं.

२. मेन्यूत तोच फोटो कस्टम व्हाइट बॅलन्स म्हणून निवडायचा. रात्री शूटिंग रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये.

३. स्टॅकिंगनंतर (बरेच फोटो एकावर एक रचून एक केल्यावर) सिरिल या खगोल-फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन (आभाळातला नको असलेला उजेड वजा करणं), मग कलर कॅलिब्रेशन (रंग जुळवणं). हा क्रम उलटला की साताऱ्याकडचा पिवळट उजेड हिशेबात घुसतो. कासवरून मृग उगवतो तोही नेमका त्याच बाजूला!

बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शनसाठी रिकामं आभाळ दाखवायला जे नमुन्याचे ठिपके ठेवतो, ते तेजोमेघावर ठेवू नका. हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल रंग मिळावा म्हणून तर फिल्टर काढला. तोच पुसला गेला तर मॉडिफिकेशनचे पैसे पाण्यात. लाल स्लायडर सरसकट खाली ओढणं हाही तोच गाढवपणा, मी दोन हिवाळे केलेला.