कारखाना विकायचाय? आधी स्वतःची वेबसाइट उघडून बघा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतला आमचा पॅनेल बॉक्सचा (विजेची उपकरणं बसवायच्या पत्र्याच्या पेट्यांचा) कारखाना विकून आता दीड वर्ष होईल. दोन्ही मुलं बाहेरगावी स्थिरावली, ह्यांचे गुडघे साथ देईनात, तेव्हा निर्णय घेतला. तिथलं ऑफिस आणि हिशेब मी २६ वर्षं सांभाळले. आता ओळखीतली दोन-तीन कुटुंबं त्याच वाटेवर आहेत. सगळे मला किंमत कशी काढली ते विचारतात, वेबसाइटचं कुणीच विचारत नाही. आमचं पहिलं बोलणं मात्र तिच्यावरच अडखळलं होतं.

घेणारी पार्टी फोन करते त्याच्या कितीतरी आधी त्यांचा कुणीतरी माणूस तुमची साइट बघून गेलेला असतो. गिऱ्हाईक येतं ते आपल्याला हवा तो बॉक्स इथे मिळेल का, हे बघायला. धंदा घेणारा वेगळंच शोधतो: मालक उद्यापासून घरी बसला तर हे चालेल का? साइटचं प्रत्येक पान या एका प्रश्नाच्या नजरेनं वाचा.

आमचं ‘आमच्याविषयी’ हे पान सगळं ह्यांच्यावरच होतं. एका पॉवर प्रेसवर केलेली सुरुवात, कष्ट, जिद्द, शेजारी सुटातला फोटो आणि संपर्काला ह्यांचाच मोबाइल. मीच लिहिलं होतं आणि त्यातला शब्दन् शब्द खरा होता. पण पहिल्या बैठकीत समोरच्या सल्लागारांनी विचारलं, “साहेब नसतात तेव्हा कोटेशन कोण देतं?” आठ वर्षं कोटेशन आमची इस्टिमेशनची मुलगी काढत होती, हे फक्त सही करायचे. पण साइटवर ती कुठेच नव्हती. ना आमचे क्वालिटीचे सुपरवायझर होते, ना डिस्पॅच सांभाळणारे काका.

मग ते पान नव्यानं लिहिलं. ह्यांची गोष्ट चार ओळींत ठेवली, काढली नाही. ती राहायलाच हवी. खाली कामाची वाट मांडली: ड्रॉइंग आलं की कोण तपासतं, मग पंचिंग, बेंडिंग, वेल्डिंग, सात टाक्यांची प्री-ट्रीटमेंट (रंगाआधी पत्रा धुऊन तयार करणं), पावडर कोटिंग, तपासणी, पॅकिंग. प्रत्येक टप्प्यापुढे जबाबदार माणसाचं पद आणि आमच्याकडची त्याची वर्षं. फोटो त्यांना विचारून लावले. मोबाइल नंबर कुणाचाच दिला नाही, कारण चांगला माणूस पळवायला दुसरे टपलेलेच असतात. तुम्हाला एकच पान बदलायला जमणार असेल तर हेच बदला.

मुखपृष्ठावर ‘उत्कृष्ट दर्जा, ग्राहकांचे समाधान’ असं असेल तर ते आजच काढा. सातपूर-अंबडमधल्या शंभर साइटवर तेच आहे. त्या जागी तपासता येईल असं लिहा. आम्ही लिहिलं: सीआरसीए (थंड लाटलेला, मऊ केलेला पोलादी) पत्रा, १.६ आणि २ मिलिमीटर. आयपी ५५ पर्यंतचे (धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून जपणारे) बॉक्स. कोटिंगची जाडी ६० ते ८० मायक्रॉन. महिन्याला किती बॉक्स निघतात तो आकडा. आयएसओचं प्रमाणपत्र लावणार असाल तर मुदत बघा. ते तीन वर्षांचं असतं, आणि संपलेलं प्रमाणपत्र साइटवर असण्यापेक्षा नसलेलं परवडलं.

फोटो इंटरनेटवरून घेतलेले नकोत. आमच्या जुन्या साइटवर रोबोट वेल्डिंग करताना दिसायचा, आणि आमच्याकडे रोबोट कधीच नव्हता. ते मला आजही बरं वाटत नाही. फोटोग्राफर बोलावला तो सकाळी साडेदहाला, पहिली शिफ्ट जोरात असताना. ओव्हनमधून बाहेर येणारे राखाडी बॉक्स, बेंडिंग मशिनवर वाकणारा पत्रा, गेजने कोटिंग मोजणारा हात. एक फोटो मात्र जुनाच ठेवला, खंडेनवमीचा. प्रेसला झेंडूचा हार आणि पुढे सगळी माणसं उभी. त्यात शेजारी शेजारी उभे असलेले बारा जण पुढच्या दहा वर्षांनंतरही आमच्याकडेच होते, आणि फोटोखाली तेवढंच लिहिलं.

गिऱ्हाइकांची नावं त्यांच्या लेखी परवानगीशिवाय टाकू नका, करारात गोपनीयतेचं कलम असतं. कोणत्या क्षेत्रातले, किती वर्षांपासूनचे, एवढं पुरतं. उलाढाल आणि नफा साइटवर नकोच. ते गोपनीयतेच्या करारावर सह्या झाल्यावर दाखवायचं.

आता कायद्याचं. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर कंपनीचं नाव, नोंदणीकृत पत्ता, २१ अक्षर-अंकांचा सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक), फोन, ईमेल आणि चौकशीसाठी एका व्यक्तीचं नाव मुखपृष्ठावर असणं बंधनकारक आहे. २०१४ च्या कंपनी (इन्कॉर्पोरेशन) नियमांतला हा २६ वा नियम. जीएसटी नंबरवरून पोर्टलवर तुमची नोंदणी कधीची आणि ती चालू आहे की नाही, हे कुणालाही दिसतं. साइटवरचं नाव आणि पत्ता या नोंदींशी अक्षरशः जुळायला हवा. आमच्या साइटवर फक्त ‘गरवारे पॉइंटजवळ’ होतं. नाशिककराला ते कळतं, पुण्याहून येणारा विचारत बसतो. प्लॉट नंबर आणि नकाशावरची खूण द्या.

आम्हाला सगळ्यात जास्त घाम फुटला तो डोमेनपायी, म्हणजे साइटच्या इंटरनेटवरच्या पत्त्यापायी. साइट बनवणाऱ्यानं सुरुवातीला डोमेन स्वतःच्याच नावावर, स्वतःच्याच ईमेलवर घेतलं होतं. दर वर्षी आम्ही पैसे द्यायचो, तो नूतनीकरण करायचा. नंतर त्याने तो धंदाच सोडला. कंपनीच्या मालमत्तेच्या यादीत डोमेन लिहायची वेळ आली तेव्हा कळलं की कागदोपत्री ते आमचं नाहीच. त्याला शोधायला, ईमेल उघडायला लावायला आणि नाव बदलून घ्यायला सात आठवडे गेले, आणि तेवढा काळ व्यवहार थांबला. तुम्ही आजच बघा: डोमेन, होस्टिंग (साइट जिथे ठेवलेली असते ती जागा), गुगल मॅपवरची नोंद, साइट किती जण बघतात त्या आकडेवारीचं खातं, हे सगळं कंपनीच्या ईमेलवर आहे का? इन्क्वायरी मालकाच्या खासगी जीमेलवर येत असतील तर त्याही कंपनीच्या सामायिक पत्त्यावर वळवा. वर्षभराच्या इन्क्वायरी एका जागी दाखवता आल्या, तर त्या तुमच्या बाजूनं बोलतात. ही आकडेवारी ठेवणाऱ्या गुगल अॅनालिटिक्समध्ये तपशीलवार माहिती सुरुवातीला दोनच महिने राखली जाते. ती सेटिंग १४ महिन्यांची करून घ्या.

‘कंपनी विकणे आहे’ हे साइटवर कधीही लिहू नका. कामगार घाबरतात, पत्रेवाला उधारी आवळतो, गिऱ्हाईक दुसरा पुरवठादार शोधू लागतं. आम्ही संपर्काच्या पानावर ‘व्यावसायिक भागीदारीसाठी’ असा वेगळा ईमेल ठेवला. तो फक्त मी उघडायचे.

आणि हे काम निदान वर्षभर आधी सुरू करा. साइटची जुनी रूपं इंटरनेट अर्काइव्हवर बघता येतात. महिन्यापूर्वी घाईनं रंगवलेली साइट ओळखू येते.

दुसरी पार्टी पुण्याहून आली तेव्हा ह्यांनी चहा मागवला, कपाटातून फाइली काढून ठेवल्या. ते म्हणाले, “फाइली नंतर बघू. तुमचे क्वालिटीचे सुपरवायझर आज आहेत का? आधी त्यांना भेटायचंय.”